उन्हाळ्यात कामाला आलेली रजई

मित्रांनो, माझ्या ठिगळांवर जाऊ नका. मी एक जुनी रजई आहे. लोक मला उबदार म्हणतात तेव्हा मला हसू येतं, कारण माझ्याजवळ स्वतःची ऊब कुठली?

पिंजाऱ्याने कापूस पिंजून फुलवला, खोळीत भरला आणि जाड टाके घातले. कापसाच्या तंतूंमध्ये हवा अडकली. अशी कोंडलेली हवा उष्णता पुढे पोचवण्यात महाआळशी. माझं सगळं कर्तृत्व या आळशी हवेचं आहे.

कितीतरी हिवाळे मी घरच्या सासूबाईंच्या अंगावर काढले. कौतुकही पुष्कळ झालं. मग हलकी, रंगीत ब्लँकेटं आली आणि मी जड पेटीखाली गेले. दडपून दडपून पार चपटी झाले. फार वाईट वाटायचं.

एका उन्हाळ्यात सूनबाईने घरी आइस्क्रीम करून विकायचं ठरवलं. पहिलीच मोठी मागणी शाळेच्या समारंभाची होती. मोठा डबा भरून तयार झाला आणि त्याच सकाळी फ्रीज बंद पडला. शेजारच्यांच्या फ्रीजमध्ये डबा मावेना. सूनबाईच्या तोंडचं पाणी पळालं. पहिल्याच दिवशी शब्द मोडला तर पुन्हा कोण विचारणार?

तिच्या नवऱ्याने टेबलफॅन आणून डब्यासमोर पूर्ण वेगाने सोडला. बिचाऱ्याचा हेतू चांगला होता. पण पंखा खोलीतली गरम हवाच सारखी डब्यावर आणून सोडत होता. कडेचं आइस्क्रीम सैल पडू लागलं.

"तो पंखा बंद कर आधी," सासूबाई मुलाला म्हणाल्या. "आणि माझी रजई काढ."

"आई, या उकाड्यात रजई? पाणी होईल त्याचं."

"अरे, थंडीत मी रजईत शिरते तेव्हा ती गारच असते. माझ्याच अंगाची ऊब धरून ठेवते ती. मग डब्याचा गारवा का नाही धरणार?"

"घालून बघू या," सूनबाई म्हणाली. "नाहीतरी हातचं जातंच आहे."

तिने मला सावलीत टांगून काठीने झोडपलं. असा मार रोज मिळाला तरी माझी ना नाही. कापूस सुटा झाला, हवा परत आत शिरली. मग मला डब्याभोवती गुंडाळून दोरीने बांधलं. बाहेरची उष्णता आत येतच होती, खोटं कशाला बोलू? पण मुंगीच्या पावलांनी.

संध्याकाळी शाळेत सूनबाईने दोरी सोडली. कडेला जरा सैल होतं, पण मध्ये चमचा खुपसला, तर तो आत जाईना. तिचा जीव भांड्यात पडला. ती तिथेच पायरीवर बसली आणि हसता हसता रडली. मलाही अगदी हायसं वाटलं.

मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी असेल तर तिला वजनाखाली चेपू नका. अधूनमधून झटका, मोकळी ठेवा. हवा गेली की आमच्यात काही राम उरत नाही.

आता मी थंडीत सासूबाईंची आणि उन्हाळ्यात सूनबाईची असते. यंदा थंडी रेंगाळली आणि आइस्क्रीमच्या मागण्याही सुरू झाल्या, तेव्हा दोघींचं माझ्यावरून चांगलंच वाजलं. मी खाटेवर पडून ऐकत होते आणि मनातून इतकी सुखावले होते की काय सांगू.