खालचा कंडक्टर, वरचा कंडक्टर

हैदराबादेत राहायचं म्हणजे जन्मभर पाहुण्यांना गाव दाखवत फिरायचं, हे मी लग्नानंतर पहिल्याच वर्षी ओळखलं. पुण्याचे नातेवाईक चिक्कडपल्लीत आमच्याकडे उतरतात, चारमिनार बघतात, बिर्याणी तिखट आहे म्हणतात, आणि हल्ली टँकबंडवरच्या, म्हणजे तलावाच्या बांधावरच्या रस्त्यावरच्या, नव्या डबलडेकरमध्ये बसवा म्हणून मागे लागतात. बसवते मीच. आमचे हे, म्हणजे नामदेवराव, त्या बसकडे ढुंकूनही बघत नाहीत. जुन्या डबलडेकरवर ते बावीस वर्षं खालचे कंडक्टर होते ना.

वरचे कंडक्टर आबासाहेब. ते आमच्या पलीकडच्याच गल्लीत राहायचे. पद्धत अशी होती, की वरच्याने एक घंटी द्यायची, मग खालच्याने सगळे चढलेत का बघून दोन द्यायच्या, तेव्हा कुठे ड्रायव्हर गाडी काढणार. जुन्या गाड्या बंद झाल्या त्या दिवशी, शेवटच्या फेरीला, सिकंदराबादला आबासाहेबांनी वरूनच दोन घंट्या दिल्या. गाडी निघाली आणि खालचे कंडक्टर चहाचा ग्लास घेऊन स्टँडवरच राहिले. ह्यांनी ऑटो करून स्वतःचीच बस कोठीच्या स्टॉपवर गाठली, तेव्हा आतले प्रवासी टाळ्या वाजवत होते.

तेव्हापासून वीस वर्षं दोघांत बोलणं नाही. भाजीच्या गाड्यावर समोरासमोर आले, तर दोघंही कोथिंबिरीकडे बघायचे.

मागच्या वर्षी आबासाहेबांचा मुलगा त्यांना कायमचं पुण्याला न्यायला आला. रविवारची गाडी होती. हे कळल्यापासून ह्यांचं जेवण तुटलं. विचारलं तर म्हणायचे, उन्हाळ्यानं भूक लागत नाही. तेव्हा डिसेंबर चालू होता. मला त्यांची कीव आली आणि त्याहून जास्त राग आला. म्हातारा उद्या निघून जाईल आणि हे पुढची दहा वर्षं माझं डोकं खातील.

शनिवारी मी आबासाहेबांना म्हटलं, जाण्याआधी नव्या डबलडेकरची एक चक्कर मारू या. ह्यांना म्हटलं, मला एकटीला जायची भीती वाटते. आबासाहेब आधी येऊन खालीच बसले होते, कारण गुडघ्यांमुळे त्यांना जिना चढवत नाही. हे चढले, त्यांनी आबासाहेबांना पाहिलं आणि माझ्याकडे असं बघितलं, की मी पदर सारखा केला. उतरायला जाईपर्यंत बस सुटली. मग तणतणत वर गेले.

दहा मिनिटांनी कठडा धरून खाली आले ते वेगळंच तोंड घेऊन.

“आबा,” ते म्हणाले, “वरून दरवाजा दिसत नाही रे. चढलं कोण, राहिलं कोण, काही कळत नाही. मी उगाच तुझ्यावर डूख धरलो.”

वीस वर्षांनी बोलले. माझे डोळे भरून आले. आबासाहेबांनी नुसती मान हलवली असती, तरी काम झालं असतं.

“दिसत होतं की,” आबासाहेब म्हणाले. “मी खिडकीतून मुंडी बाहेर काढून बघितलो होतो. तू चहा पीत होतास.”

“मग घंटी कायकू मारलास?”

“बावीस वर्षांत माझ्या घंटीनं गाडी कधी हलली नाही, नाम्या. एकदा हलवून बघायचं होतं.”

पुढे टँकबंडभर जे झालं, ते लिहिण्यासारखं नाही. दोघांनी एकमेकांचे पूर्वज काढले. पलीकडच्या सीटवरच्या, गाव बघायला आलेल्या एका बाईंनी मला हळूच विचारलं, हा कार्यक्रम रोज असतो का. दुसऱ्या दिवशी हे स्टेशनवर गेले आणि गाडी हलेपर्यंत खिडकीशी भांडत उभे राहिले.

आता रोज सकाळी नऊला पुण्याहून फोन येतो. पहिला अर्धा तास त्या घंटीवरूनच भांडण, मग तब्येती, मग पुन्हा घंटी. परवा मला असह्य झालं. म्हटलं, “अहो, पुरे झालं. टाका ना आता माफ करून.”

ह्यांनी फोनवर हात ठेवला.

“माफ तर बसमध्येच केलो, तारा,” ते हळू आवाजात म्हणाले. “पण त्याला सांगू नको. सांगितलीस, तर उद्या तो फोन कशाला करेल?”