पिलारबाईंचं ताट

दिघीच्या बंदरावर हरेश्वर उतरला, तेव्हा गाडीवाल्या विठोबाने त्याला ओळखलं आणि गाडीत घ्यायला साफ नकार दिला. विठोबा काही भित्रा नव्हता. रीत म्हणजे रीत, एवढंच त्याचं म्हणणं. बैलांच्या पाठीवर हात ठेवून तो शांतपणे म्हणाला, “धाकले भाऊ, मी तुमच्या तेराव्याला जेवलोय. बुंदीचे लाडू हुते. आता तुमाला गाडीत कसा बसवू?”

हरेश्वरला हसू यायला हवं होतं, नाहीतर धडकी तरी भरायला हवी होती. त्याला काहीच झालं नाही. माद्रिदवर बॉम्ब पडायला लागले तेव्हापासून त्याला काही होणं बंदच झालं होतं. ट्रंक खांद्यावर टाकून तो दिवेआगरपर्यंत चालत गेला.

घरच्यांची समजूत, आपला पोरगा लंडनला बॅरिस्टर होतोय. हा पठ्ठ्या शिकत होता स्पॅनिश. त्याच्या कॉलेजात ही भाषा घेणाऱ्यांना एक वर्ष स्पेनमध्ये काढावं लागे. तिथली भाषा आणि रीतिरिवाज शिकायचे, शेवटी तोंडी परीक्षा द्यायची, आणि ते गुण पदवीत धरले जायचे. परीक्षेत त्याला विचारलं, तुमच्याकडे हरवलेल्या माणसाचं काय करतात? गड्याने झोकात सांगितलं: पळसाच्या पानांचा माणूस करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात, त्याला अग्नी देतात, आणि मागची माणसं मोकळी होतात. म्हाताऱ्या प्रोफेसरांनी विचारलं, आणि तो परत आला तर? हरेश्वर हसून म्हणाला, आमच्याकडे कुणी परत येत नाही. गुण उत्तम पडले.

सुट्टीत तो तिथेच राहिला आणि लढाई पेटली. पत्रं थांबली. त्याच्याबरोबरचा एकजण लंडनला निसटला. त्याने कळवलं की हरेश्वर राहायचा ती आळीच जमीनदोस्त झाली. थोरल्या भावाने, बाळाजीने, मग फार वाट पाहिली नाही. बेपत्ता माणसासाठी बारा वर्षं थांबावं असं शास्त्र सांगतं. पण बातमी पक्की असताना भावाचा जीव कशाला तळमळत ठेवायचा, असं त्याला वाटलं. पळस आणला, वाडीतलाच नारळ घेतला आणि भावाला समुद्राकाठी जाळलं. सगळं मायेपोटी केलं. मायेपोटी केलेली चूक निस्तरणं सगळ्यांत अवघड.

आता भटजींनी सांगितलं, क्रिया झालेला माणूस तसाच घरात घेता येत नाही. त्याने पुन्हा जन्माला यायचं. मोठ्या घंगाळात तूप-पाण्यात बसायचं, मग ठमाआत्याने कानात नाव सांगायचं, मग मुंज, आणि मग आपल्याच बायकोशी पुन्हा लग्न. उरकायचं सगळं एका दिवसात. तोवर हरेश्वरने वाडीतल्या खोपीत राहायचं, कुणी त्याला शिवायचं नाही.

नलूला, त्याच्या बायकोला, कुणी काही विचारलं नव्हतं. कुंकू पुसलं तेव्हाही विचारलं नव्हतं. नवरा परत आला म्हटल्यावर विचारायचं काय? हरेश्वरला मात्र तेवढंच हवं होतं, नलूने आपणहून हो म्हणावं. का हवं होतं ते त्याला सांगता आलं नसतं. हवीशी वाटणारी ती एकच गोष्ट त्याच्यात शिल्लक होती.

विधीच्या आदल्या दुपारी नलू जेवण घेऊन आली. केळीचं पान तिने लांब जमिनीवर ठेवलं आणि मागे सरून पोफळीला टेकून बसली. तिचं कपाळ मोकळं होतं.

“उद्या तू उभी राहशील ना?” त्याने विचारलं.

पानाकडे बघतच तिने दहाव्या दिवसाचं सांगितलं. पिंडाला कावळा शिवेना. बाळाजीभावजींनी शब्द दिला, नलूला अंतर देणार नाही. शिवेना. ठमाआत्यांनी हरिहरेश्वराला अभिषेक बोलला. शिवेना. ऊन चढलं, तेव्हा कधी नव्हे ते बाईमाणसाला तिथे बोलावलं.

“मी म्हटलं, मी आता तुमची वाट बघत नाही,” नलू म्हणाली. “माझं बोलणं पुरं व्हायच्या आत कावळा शिवला. तेव्हापासून खरंच बघत नाही. तुम्ही आलात हे कळलं तेव्हा मी तांदूळ निवडत होते. निवडत राहिले. मला काही वाटलंच नाही हो.”

तिला वाईट वाटावं म्हणून नव्हे, तर दुसरं काही सांगण्यासारखं नव्हतं म्हणून हरेश्वरने पिलारबाईंचं सांगितलं. आधीची आळी पडल्यावर तो त्यांच्या घरी राहायला गेला होता. त्यांचा मुलगा लढाईवर गेला आणि त्याचा पत्ता लागेना. पिलारबाई रोज रात्री त्याचं ताट वाढायच्या. तिकडे घरात माणूस गेलं की बायका काळे कपडे घालतात. पिलारबाईंनी घातले नाहीत. पुढे शहरात अन्न मिळेना. एके दिवशी घरात त्या ताटापुरतंच शिजलं, आणि बाईंनी ते ताट हरेश्वरपुढे सरकवलं.

“मग?”

“मी खाल्लं. भूक होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी काळे कपडे घातले.”

नलूने पहिल्यांदा वर पाहिलं.

“म्हणजे तिथला कावळा तुम्ही,” ती म्हणाली.

त्या बोलण्यात टोमणा नव्हता. जे दिसलं ते तिने सांगितलं. हरेश्वरने मान हलवली, आणि मग इतके महिने कुठे अडकलं होतं कोण जाणे, त्याला रडू फुटलं. तो लहान मुलासारखा, नाक ओढत रडला. त्या बाईंसाठी रडला, त्यांच्या मुलासाठी रडला, आणि परीक्षेत हसला होता त्यासाठीही रडला.

नलू उठली. शिवायचं नाही हे भटजींनी तिच्यासमोरच सांगितलं होतं. तिने केळीचं पान उचललं, त्याच्या अगदी पुढ्यात आणून ठेवलं आणि पदराने त्याचं तोंड पुसलं.

“जेवा,” ती म्हणाली. “उद्या मुहूर्त सकाळचा आहे.”