हिरव्या रंगाखालची तक्रारपेटी

मित्रांनो, मी एक दमलेली तक्रारपेटी आहे. नुसतं टांगून राहून कोणी दमतं का, असं तुम्ही म्हणाल. माझ्या जागी नऊ वर्षं राहून बघा!

उमरखेडच्या एका कारागिराने जुन्या पिंपाच्या पत्र्यातून मला घडवलं. पुढे कुलूप, डोक्यावर चिठ्ठीपुरती फट. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका पोलीस ठाण्यात मला कोठडीसमोर लावलं. ठाण्याचं नाव विचारू नका. त्या दिवशी काय माझं कौतुक! हार घातला, फोटो काढला. आणि किल्ली गेली मोठ्या साहेबांच्या खणात. आता सांगा, ज्यांच्याविरुद्ध लोक लिहिणार, त्यांच्याच खणात किल्ली! साहेब बदलत गेले, किल्ली तिथेच राहिली. लोक चिठ्ठ्या टाकत, मी त्या पोटात ठेवत असे. उघडायला कोणी येत नसे.

गेल्या उन्हाळ्यात तुळसाबाई आली. तिचा मुलगा संघदीप ट्रॅक्टर चालवायचा. मोटारपंपाच्या चोरीच्या संशयावरून तो दोन दिवस आत होता. डबा द्यायला आली तेव्हा तो तिला भिंत धरून चालताना दिसला. तिने चिठ्ठी टाकली, ‘माह्या पोराले लई मारलं. लघवीतून रक्त जाते. डॉक्टरले दाखवा.’ माझा जीव नुसता तुटत राहिला. पण मला ओरडता थोडंच येतं!

त्याच संध्याकाळी बातमी आली की मानवी हक्क आयोगाचं पथक केळापूरपर्यंत आलंय. झालं, एकच धावपळ! कोठडी धुतली, भिंतींना चुना लावला. देवीलाल रंगाऱ्याने हिरव्या ऑइलपेंटचे दोन हात मला दिले. बिचाऱ्याने इतकं मन लावून रंगवलं की माझी फटच बुजली.

दुसऱ्या दिवशी तुळसाबाई आणखी एक चिठ्ठी घेऊन आली. चिठ्ठी आत जाईना. मग तुळसाबाई केसातल्या पिनेने रंग खरवडू लागली.

हवालदार कोकिळाताई ओरडल्या, “कायले खरवडून राह्यली मावशी? रंग ओला हाय!”

“पोरगा मरून राह्यला बाई माहा,” तुळसाबाई म्हणाली.

कोकिळाताईंनी पुढे तिला अडवलं नाही आणि चिठ्ठी आत पडली.

तिसऱ्या दिवशी पथकाच्या शुभदाताई आल्या. साहेब हसून म्हणाले, “एकही तक्रार नाही, मॅडम.” ताई माझ्यापाशी थांबल्या.

“नव्या रंगावर हे ओरखडे कोणाचे?”

कोकिळाताई पुढे येऊन म्हणाल्या, “एका आईचे, मॅडम.”

साहेब किल्लीसाठी खण चाचपत बसले. तोवर कोकिळाताईंनी हातोडा आणला आणि माझं कुलूप तोडलं. चौदा चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्यात वर तुळसाबाईची होती. शुभदाताईंनी सगळ्या पोलिसांना बाहेर काढलं, त्या संघदीपशी एकांतात बोलल्या, त्याचा शर्ट वर करून पाठ पाहिली. तासाभरात तो दवाखान्यात होता. वाचला, मित्रांनो! साहेबांची चौकशी सुरू आहे.

सगळ्यात खाली लालीबाईची चिठ्ठी होती, सहा वर्षांपूर्वीची. ‘माह्या नवऱ्याले डॉक्टरले दाखवा.’

“हा माणूस कुठे आहे आता?” ताईंनी विचारलं.

“तो तर तवाच गेला, मॅडम,” कोकिळाताई म्हणाल्या.

सहा वर्षं ती चिठ्ठी माझ्याजवळ होती. आता माझ्या नव्या कुलपाची किल्ली आयोगाकडे असते आणि त्यांची माणसं न कळवता येतात. तरी माझा थकवा जात नाही. मित्रांनो, कुठे अशी पेटी दिसली तर तिचा रंग पाहू नका. ती शेवटची कधी उघडली, तेवढं विचारा.