वरून प्यालेलं औषध

गोदाचा नवरा व्यासराज आवडी नावाच्या गावातल्या कारखान्यात यंत्रांच्या सुट्या भागांची मापं तपासायचा. केसाएवढा फरक त्याच्या नजरेतून सुटत नसे. घरीही तीच तऱ्हा. भातात खडा निघाला की तो बोटाच्या टोकावर धरून गोदाला दाखवी, तोंडातून अवाक्षर न काढता. असल्या माणसाशी संसार म्हणजे रोजची परीक्षा. पण गोदा कशीबशी पास होत आली होती.

खोट होती ती त्याच्या पोटात. तंजावरच्या मराठी घराण्यातला माणूस, चिंचेच्या आंबट सांबारावाचून घास उतरायचा नाही आणि उतरला की छातीत आग पडायची. शेवटी स्टेशनजवळच्या दवाखान्यातून त्याने पांढऱ्या औषधाची बाटली आणली. बाटलीवर डोसाच्या खुणांची कागदी पट्टी चिकटवलेली. जळजळ थांबली आणि गोदाने देवापुढे साखर ठेवली.

पुढे एक नवलच झालं. भातातले खडे निघेनासे झाले. गोदाला वाटलं, आपला हात सुधारला! मग एके दिवशी तिच्याच दाताखाली खडा आला. समोर व्यासराजच्या तोंडातही कचकन वाजलं, पण तो मान खाली घालून जेवत राहिला.

दुसऱ्या दिवशी ती विहिरीवरून परतली, तर नवरा स्वयंपाकघरात डोळे गच्च मिटून उभा. हाताने चाचपत एकेक डबा ओळखत होता, "मीठ... तूर... मिरची..."

"अय्यय्यो! हें काय खेळ मांडलांत?"

त्याने डोळे उघडले, पण तिच्याकडे पाहिलं नाही. "शिकून ठेवतों, गोदा. अप्पांचं झालं तसंच माझं होतंय. पेपर दिसत नाही, मापाच्या रेघा दिसत नाहीत. सोमवारी कारखान्यांत डोळ्यांची तपासणी आहे. गेली की नोकरी." मग हळूच म्हणाला, "तू जवळ आलीस की तुझं तोंडसुद्धा पुसट दिसतंय."

त्याचे वडील पन्नाशीत आंधळे झाले होते. सून म्हणून गोदानेच त्यांना हात धरून चालवलं होतं. आता पुन्हा तेच नशिबी दिसत होतं. पण ती रडत बसणाऱ्यांतली नव्हती. तिला रडू आलं की आधी राग यायचा.

"इतके दिवस गप्प बसलांत? चला उठा!"

गल्लीच्या टोकाला वसंतराव नावाचे पुण्याहून आलेले डॉक्टर होते. त्यांनी व्यासराजच्या डोळ्यांत बॅटरी मारली. "बाहुल्या एवढ्या मोठ्या? तोंडाला कोरड पडते का?"

"फार. घागर पुरत नाही," गोदाच बोलली.

"औषध कुठलं घेता?"

गोदाने पिशवीतून बाटली काढली. डॉक्टरांनी वास घेतला, पट्टी वाचली. "आहे ते ठीक आहे. घेता किती?"

"एक घोट," व्यासराज म्हणाला.

"घोट म्हणजे? घेऊन दाखवा बघू. या भांड्यात पाणी आहे."

व्यासराजने मान मागे टाकली, भांडं वर उचललं आणि ओठ न लावता धार सरळ घशात सोडली. घटाघट. अर्धं भांडं रिकामं.

डॉक्टर बघतच राहिले. "अहो, हा घोट? बाटलीही अशीच? मापाचा ग्लास नव्हता दिला?"

"तिथल्या ग्लासाला सगळ्या गावाचे ओठ लागलेले. उष्टं कसं प्यायचं? आमच्याकडे अस्संच पितात, वरून."

"आणि बाटली डोक्यावर धरल्यावर पट्टीवरची खूण दिसते?"

व्यासराजने भांडं खाली ठेवलं. उभा जन्म मापं तपासण्यात गेलेला माणूस. त्याचे कान लाल झाले. गोदाला एवढ्या काळजीतही हसू फुटलं.

"या औषधात एक अर्क असतो," वसंतराव समजावू लागले. "तो पोटातलं आंबट पाणी कमी करतो, पण तेवढ्यावर थांबत नाही. तोंड सुकवतो, बाहुली ताणून धरतो, मग जवळचं धूसर दिसतं. थोड्या डोसाने कमी, तुमच्या घोटाने भलतंच. हे बंद करा. दुसरं साधं देतो. नजर बहुतेक येईल. नाहीच आली, तर पुढचं बघू."

त्या 'बहुतेक'वर गोदाने पुढचे दिवस काढले. चिंच फडताळाच्या वरच्या फळीवर गेली. नव्या औषधासाठी घरचा वेगळा ग्लास आला. व्यासराज त्यात मापून औषध ओती आणि मग तो ग्लास उंच धरून वरूनच पिई. जित्याची खोड! कसं वाटतं, हे विचारायची तिची छाती होत नव्हती.

रविवारी तिने वाढलेलं ताट त्याच्यापुढे ठेवलं आणि ती चुलीकडे तोंड करून बसली. मागे काहीच आवाज नाही. घास नाही, कचकन नाही. तिला मागे वळवेना.

"गोदा."

ती वळली. त्याच्या बोटाच्या टोकावर तिळापेक्षाही बारका खडा होता.

"अजून तांदूळ निवडतां येत नाही तुला," तो म्हणाला. मग खडा डोळ्यांजवळ नेऊन त्याने निरखला. "पण हा धुतलेला आहे की गं!"

आणि तेव्हा कुठे, रागाची वाट न बघता, गोदा पदरात तोंड घालून रडली.