अंगठ्याखालचा खटका

मी गाडीच्या दाराचा खटका बोलतोय. ओळखलं नाहीत ना? साहजिक आहे. गाडीचं दार उघडलं की चौकटीतून बोटाच्या पेराएवढं एक बोंड बाहेर येतं, तो मी. दार उघडलं की मी बाहेर येतो आणि गाडीतला दिवा लागतो. दार लागलं की ते मला आत दाबतं आणि दिवा मालवतो. दार उघडं आहे की बंद, एवढं एकच सांगायचं काम माझ्याकडे होतं. तेही मला धड जमलं नाही, म्हणून आज मन मोकळं करायला बसलोय.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते आठवत नाही. एका खोक्यात आम्ही शंभरेक भाऊ होतो आणि प्रत्येकाच्या डोक्यावर काळ्या रबराची टोपी होती, एवढं आठवतं. त्या टोपीचा मला भारी तोरा होता.

मला ज्या गाडीत बसवलं, ती पुढे एका नर्सबाईंनी जुनी म्हणून विकत घेतली. त्यांचे वडील गाड्यांच्या वायरिंगचे मिस्त्री. चाळीस वर्षांचं काम, छोटंसं दुकान. अख्खी वस्ती त्यांना करंटकाका म्हणायची. "काकांनी नुसता हात लावला तरी गाडी सुरू होते," असं लोक म्हणत, आणि काका "छे, छे" करत मनातून सुखावत.

मुलगी एकटीनं गाडी चालवते, म्हणून काकांनी स्वतः गाडीत अलार्म बसवला आणि त्याची एक वायर मला जोडली. दिवा लावणाऱ्याचा मी एकदम राखणदार झालो. काम झाल्यावर काका उघड्या दाराशी उकिडवे बसले, मला अंगठ्यानं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"बाबा, दार लावून बघा की एकदा," मुलगी म्हणाली.

"दार कशाला लावायचं? हा अंगठा म्हणजेच दार."

ती हसली. मीही त्या अंगठ्यावर खूश होतो.

दोन वर्षं सुखाची गेली. मग एका दुपारी उतरताना बाईंच्या छत्रीची काडी माझ्या टोपीत अडकली. टोपी निघून खाली पडली. बाईंनी ती उचलली, उलटसुलट करून पाहिली, "बुटाचं असेल" म्हणाल्या आणि कचऱ्यात टाकली.

टोपी गेल्यावर माझी उंची तांदळाच्या दाण्याएवढी कमी झाली. दार लागायचं, पण माझ्यापर्यंत जेमतेम पोचायचं. शेजारून ट्रक गेला, दार जरासं थरथरलं, की मी टुणकन बाहेर. अलार्मला वाटायचं, कुणीतरी दार उघडलं. तो बिचारा इमानी, लगेच गळा काढायचा.

"सिस्टर, तुमची गाडी पुन्हा रडतेय," वरच्या मजल्यावरचे पेन्शनर गॅलरीतून सांगत.

काका आले. दारात किल्ली फिरवून त्यांनी अलार्म गप्प केला. बॅटरीची एक वायर काढून दहा मिनिटं थांबले, पुन्हा जोडली. तरी खात्री हवी, म्हणून बॅटरीच्या वाटेत लांब वायरीचा एक छोटा दिवा लावला. गाडी बंद असताना तो पेटला, तर कुठेतरी करंट गळतोय असं समजायचं. दार उघडं असलं की मी बाहेर, म्हणून त्यांनी सवयीनं मला अंगठ्यानं दाबून धरलं आणि दिव्याकडे पाहत राहिले.

दिवा पेटला नाही. पेटणार कसा? अंगठ्याखाली मी पुरता आत गेलो होतो. डॉक्टर समोर आले की दुखणं पळतं, तसंच हे. वायरी ओढून ओढून काकांच्या अंगठ्याला एवढा घट्टा पडला होता, की खाली रबर आहे की लोखंड, हे त्याला कळलं नाही. ज्या घट्ट्यानं त्यांना नाव मिळवून दिलं, त्यानंच दगा दिला.

"ठणठणीत आहे गाडी," काका म्हणाले.

दोन दिवसांनी गाडी पुन्हा रडली. काकांनी भोंगा बदलला. पुन्हा रडली. काकांनी रिमोट बदलला, आणि दरवेळी मला दाबून पाहिलं. दरवेळी मी शहाण्या मुलासारखा आत गेलो.

मग तो दिवस आला. हॉस्पिटलात मुख्य सिस्टरच्या जागेसाठी बाईंची मुलाखत होती, सकाळी नऊला. बाई गाडीत बसल्या, किल्ली फिरवली, गाडीनं हूं की चूं केलं नाही. माझ्यामुळे आतला दिवा जळत राहिला होता आणि बॅटरी पार बसली होती. बाई धावतपळत पोचल्या तेव्हा उशीर झाला होता. ती जागा दुसरीला मिळाली.

संध्याकाळी काका आले, नेहमीची पिशवी घेऊन.

"अगं, कालच तर बघितलं. सगळं ठीक होतं माझ्यासमोर."

"तुमच्यासमोर ठीकच असतं. बाबा, राहू द्या आता. तुमच्याच्यानं नाही होत हे."

काकांनी पिशवी खाली ठेवली. फडक्यानं अंगठा पुसत राहिले, बराच वेळ, तो स्वच्छ असूनही. बाप-लेकीत कधी खटका उडाला नव्हता. उडाला तो माझ्यामुळे. त्याच महिन्यात काकांनी दुकान बंद केलं. पक्कड, टेस्टचा दिवा, सगळं शेजारच्या टायरवाल्याला देऊन टाकलं. "हातगुण गेला माझा," एवढंच त्याला म्हणाले.

बाईंनी गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री पक्का आळशी. ऊन नको म्हणून तो गाडीत शिरला, दार ओढून घेतलं, सीट मागे टाकून आडवा झाला. आणि छताचा दिवा जळताना त्याला दिसला.

"बाई, दाराच्या खटक्याची टोपी गेलीय. काळं रबर असतं बघा छोटंसं. बाकी काही नाही."

बाई जागच्या जागी उभ्या राहिल्या. त्याने नवा खटका बसवला. जुना बाईंनी मागून घेतला आणि तशाच वडिलांकडे गेल्या.

"बाबा, टोपी मीच टाकून दिली होती. बुटाचं रबर वाटलं मला." त्यांनी मला वडिलांच्या तळहातावर ठेवलं. "चूक माझी होती. तुमची नव्हती."

काकांनी चष्मा लावला. मला अंगठ्यानं दाबलं, सोडलं, पुन्हा दाबलं.

"माझीही होती," ते म्हणाले. "अंगठा म्हणजे दार नव्हे गं."

"दुकान उघडा ना पुन्हा."

"हात धजत नाही आता."

हल्ली मी काकांच्या चष्म्याच्या डबीत असतो. माझ्याशी आता ना दिवा जोडलेला, ना अलार्म. बाई दर रविवारी येतात, दोघं चहा पितात, चांगलं बोलतात, पण गाडीचा विषय कुणी काढत नाही. तुमच्या घरात कुणाचं काम फसलं, तर त्याच्या हाताला नावं ठेवण्याआधी एकदा दार लावून बघा, एवढंच माझं मागणं आहे.

दुपारी एकटे असले की काका मला बाहेर काढतात आणि अंगठ्यानं दाबतात. मी अजूनही मुकाट्यानं पुरता आत जातो. काका गाडी तपासत होते, तेव्हा एकदा तरी जायला नको होतं.