दोन सीटची गाडी

"साहेब मागून येतायत का?" शोरूममधल्या सेल्समननं विचारलं तेव्हा ती गाडीत बसली होती. बसली म्हणजे जवळजवळ उतरलीच होती. गाडी इतकी बुटकी, की आत शिरताना पाण्याच्या टाकीत पाय सोडल्यासारखं वाटलं. एकदा आत गेल्यावर मात्र पाठ अशी टेकली, की गेली कित्येक वर्षं ती पाठ टेकायची विसरली होती हे तिच्या लक्षात आलं.

"साहेब नाहीत," ती म्हणाली. "मीच आहे."

सेल्समन अदबीनं हसला आणि बाहेर उभ्या असलेल्या छोटूकडे वळला. छोटू म्हणजे तिचा धाकटा भाऊ. चाळिशीला टेकलेला, कपाळ मागे सरकत चाललेलं, दोन मुलांचा बाप. पण घरात अजून छोटूच. मग इंजिनाची ताकद, वळणावरची पकड, शंभरचा वेग गाठायला लागणारा वेळ, हे सगळं छोटूला सांगण्यात आलं. छोटूही मान डोलवत राहिला. ती स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून, काचेआडून दोघांचे ओठ हलताना बघत होती. गाडीबरोबर फुकट मिळणाऱ्या एखाद्या वस्तूसारखी.

गाडीची किंमत कळल्यावर छोटूनं लांब शिट्टी मारली. "चल ताई, झाली हौस?"

ती ऑपरेशन थिएटरमधली नर्स. हॉस्पिटलात सिस्टर, घरात ताई. नावानं हाक मारणारं माणूस आता उरलं नव्हतं. वडील गेले तेव्हा ती नुकतीच कामाला लागली होती आणि छोटू तिसरीत होता. त्याच्या बुटांच्या नाड्या बांधून ती ड्युटीवर जायची. सायकल शिकताना सीट धरून मागे धावायची, आणि तो मागे वळून वळून विचारायचा, "सोडलं नाहीस ना?" लग्नाचं जमलं नाही, असं आई लोकांना सांगत असे. जमवायला कोणी उठलंच नव्हतं, हे कोणी सांगत नसे.

गाडी घ्यायचं तिच्या डोक्यात कधी आलं, ते तिलाही नेमकं सांगता आलं नसतं. हात धुवायच्या बेसिनसमोर एक खिडकी होती. तिथून डॉक्टरांच्या गाड्या दिसत. एक तरुण डॉक्टरीण बुटक्या, दोन दारांच्या गाडीतून यायची. जाताना दार लावून घ्यायची आणि गाडी सुरू करायच्या आधी थोडा वेळ नुसती बसायची. कोणी तिच्या काचेवर टकटक करत नसे. सिस्टर कोपरापर्यंत फेस लावून ते बघत राहायची. मागच्या वर्षी तिनं कोणाला न सांगता ड्रायव्हिंग स्कूल लावलं. मास्तर पहिल्या दिवशी म्हणाले, या वयात लोक गाडी चालवायचं सोडतात. दुसऱ्या महिन्यात ते शेजारी बसून डुलक्या काढायला लागले, तेव्हा तिला कळलं की आपल्याला येतंय.

लायसन्स आलं आणि घरात बैठक बसली. आईचा पहिला प्रश्न होता, "दोनच सीट? मग आम्ही कुठे बसायचं?" छोटूच्या बायकोनं फोनवर सात सीटची एक गाडी काढून दाखवली. मुलांची शाळा, आईंचे गुडघे, वर्षातून एकदा तिच्या माहेरी जाणं, सगळं त्यात बसत होतं. ताईंनाच बरं पडेल, असंही ती म्हणाली; ताईंना कुठे बरं पडेल ते मात्र तिनं सांगितलं नाही. ताई भाजी निवडत ऐकत होती. तिला कुठे जायचं होतं असं नाही. तिला कोणालाही न नेता जायचं होतं. हे घरात बोलून दाखवायचं म्हणजे आईसमोर शिवी दिल्यासारखं झालं असतं, म्हणून ती एवढंच म्हणाली, की नवी परवडत नाही, जुनी बघते.

छोटूनं सांगून ठेवलं, की एकटी जाऊ नको. "माझ्या ओळखीचा मेकॅनिक आहे. तो बघेल, मग ठरवू." ठरवू म्हणजे काय, ते तिला पुरतं ठाऊक होतं. त्या मेकॅनिकनं गाडी बघायच्या आधीच सात सीट ठरलेल्या असणार. म्हणून सुट्टीच्या दिवशी, बाजारात जाऊन येते असं सांगून, ती जुन्या गाड्यांच्या दलालाकडे एकटीच गेली. निघण्याआधी तिनं फोन करून वेळही कळवली होती. न कळवता कोणाच्या दारात उभं राहायचं नाही, ही तिची सवय.

दोन सीटच्या तीन गाड्या दाखवल्या त्यानं. पहिलीचं बॉनेट उघडलं तर आत धूळ, चिखल, कुठे कुठे काळे ओघळ. दुसरीचं तसंच. तिसरी गडद हिरवी. तिचं बॉनेट उघडलं आणि सिस्टर क्षणभर बघतच राहिली. प्रत्येक नळी चकचकीत, कानाकोपऱ्यात कुठे डाग नाही, मांडून ठेवलेल्या हत्यारांच्या ट्रेसारखं इंजिन. आयुष्यभर ती एकच गोष्ट ओळखायला शिकली होती: जे स्वच्छ आहे त्याला हात लावायला हरकत नाही. मग सवयीनं तिनं हात ठेवला. इंजिन कोमट लागलं. थिएटरमधून बाहेर आणलेल्या पेशंटचे पाय ती अशीच चाचपत असे. गार लागले की काळजी, ऊबदार लागले की जीवात जीव. दलालानं किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात सुरू झाली.

"बघा ना तुम्हीच," तो म्हणाला. बाकी त्यानं काही सांगितलं नाही. खोटं बोलायची त्याला गरजच पडली नाही.

गाडी दारात आली तेव्हा छोटूनं भोवती दोन चकरा मारल्या. "सुट्टीतसुद्धा थिएटरचाच रंग," तो म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

पुढचे दीड-दोन महिने तिचे होते. ड्युटी संपली की ती गावाबाहेरच्या रस्त्यावर जायची, जिथे वस्ती संपून नुसतं गवत लागतं. काच खाली करून वेग वाढवला की केसांच्या पिना निसटायच्या. एका वळणावर थांबून थर्मासमधला चहा प्यायची आणि परतायची. शेजारच्या सीटवर तिनं काहीच ठेवलं नाही, पर्ससुद्धा पायाशी. घरी उशीर का झाला असं आईनं विचारलं, तर थिएटरमधली केस लांबली म्हणायची. इतकं सुंदर खोटं ती आयुष्यात पहिल्यांदा बोलत होती.

मग एका सकाळी, हॉस्पिटलच्या अलीकडच्या चौकात, गाडीनं निळसर धूर सोडला आणि मान टाकली. मागे हॉर्नांचा गोंगाट. तिनं छोटूला फोन केला. तो आला, ताबडतोब आला, कामावरचा अर्धा दिवस टाकून. पोर वाईट नव्हतं, हे तिनं तेव्हाही मनात म्हटलं.

छोटूच्या मेकॅनिकनं फार वेळ घेतला नाही. इंजिन वाफेनं धुतलंय, तो म्हणाला, म्हणजे तेल कुठून गळतंय ते गिऱ्हाईकाला दिसू नये. आणि तुम्ही यायच्या आधी चालवून गरम करून ठेवलं असणार. गार इंजिन सुरू केलं असतं तर धूर तिथेच दिसला असता. धूळ भरलेल्या त्या पहिल्या गाडीचं काय हो, तिनं विचारलं. ती बहुतेक चांगली असेल, तो म्हणाला. आणि हात पुसायला लागला.

घरी तिला कोणी टाकून बोललं नाही. तेच जड गेलं. आईनं डोक्यावरून हात फिरवला, छोटूच्या बायकोनं चहा केला, आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान होतं, ताप उतरल्यावर दिसतं तसं. छोटू म्हणाला, दुरुस्तीचं मी बघतो, तू डोक्याला त्रास करून घेऊ नकोस. त्यानं बघितलं. इंजिन उतरवलं, बांधलं, पॉलिश करून गाडी आणली. ट्रायल म्हणून दोन दिवस चालवली. मग आठवडाभर. आईलाही एकदा फिरवून आणलं. आल्यावर आई म्हणाली, "बसायला किती छान आहे गं. पाठीला आराम पडला."

महिनाभरानं तिनं स्वयंपाकघरात किल्ली मागितली. छोटू फ्रिजमधली बाटली काढून उभ्यानं पाणी पीत होता.

"देतो की. पण रस्त्यात परत बंद पडली तर?"

"तुझ्याकडे पडते का?"

"मला आवाजावरून कळतं गं. तुला नाही कळायचं." तो खालचा ओठ दातात धरून थांबला. तिसरीतल्या मुलासारखाच. "तुझी ड्युटी, तुझं दमणं. उगाच कशाला ताण?"

"वापरू दे की त्याला," आई आतल्या खोलीतून म्हणाली. "तुझं काय, हॉस्पिटल आणि घर. त्याला बायको आहे, कुठे जावं यावंसं वाटतं."

तिनं पोळपाट धुवायला घेतला. त्यानंतर तिनं किल्ली मागितली नाही, आणि कोणी दिलीही नाही.

एका संध्याकाळी ड्युटी संपवून ती हॉस्पिटलसमोरच्या बसस्टॉपवर उभी होती. दिवसभरात तीन ऑपरेशनं झाली होती, पावलं बुटात मावत नव्हती. हिरवी गाडी समोर येऊन थांबली. काच खाली गेली. छोटू स्टिअरिंगवर, शेजारी बायको, नटलेली. कुठेतरी जेवायला निघाले असावेत.

"ताई, तुला सोडलं असतं गं," छोटू पुढे वाकून म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटत होतं. "पण जागाच नाही ना."

"जा तुम्ही," ती म्हणाली. "मागून बस येतेय, हॉर्न देईल."

काच वर गेली. गाडी वळणावरून झोकात निघून गेली. शेजारी उभ्या असलेल्या बाईनं ती दिसेनाशी होईपर्यंत पाहिलं.

"ओळखीचे?"

"भाऊ."

"गाडी मस्त आहे हो."

"आहे," ती म्हणाली. बस जवळ आली तसा तिनं पर्सचा पट्टा खांद्यावर सरकवला. "क्लच तेवढा जरा वर लागतो."