उजवीकडे चढणारा पट्टा

रसिकाच्या चित्रासमोर उभी राहिले तेव्हा तिचं नाव मला दिसलंच नाही. आधी दिसलं आकाश. खाली गुलाबी, वर निळं आणि मधे जांभळा पट्टा. तो पट्टा उजवीकडे किंचित चढत होता. माझ्या नवऱ्याचा हात होता तो. ठाण्याच्या त्या हॉलमध्ये लोक समोसे खात चित्रं बघत होते आणि मी मात्र घामाघूम झाले होते.

तुम्ही म्हणाल, आकाशावरून नवरा कसा ओळखायचा? ओळखता येतो. आमच्या ठाकुर्लीच्या घरात लग्न झाल्यापासून छापचित्रासाठी लिनोची मऊ लादी मी कोरते आणि तिच्यावर शाई अनिमेष लावतो. जुन्या शोकेसची काच ओट्यावर आडवी ठेवायची, तिच्या एका टोकाला एक रंग, दुसऱ्या टोकाला दुसरा, आणि दोन्हींवरून रोलर फिरवायचा. फिरवताना तो अगदी थोडा डावी-उजवीकडे सरकवायचा, म्हणजे मधे दोन रंग एकमेकांत मिसळतात. कमी सरकवला तर मधे रेघ दिसते, जास्त सरकवला तर चिखल होतो. माझ्याकडून चिखलच होतो. अनिमेष डोंबिवलीच्या एमआयडीसीत, रंगाच्या कंपनीत शेड जुळवायचं काम करतो, त्यामुळे त्याची नजर तयार आहे. फक्त तो डावखुरा. लिनोवरून रोलर नेताना शेवटी त्याचं मनगट वळतं आणि छापात पट्टा उजवीकडे चढतो. "सरळ ने रे," म्हणून मी आजवर किती ओरडले असेन, त्याला गणती नाही.

रसिका ओरडली नव्हती. तिने खाडीचा बांध कोरला होता आणि तो बांधही त्याच चढावर होता. बांधावरचे बगळेसुद्धा त्याच तिरक्या रांगेत. म्हणजे अनिमेषचा हात कसा जातो हे बघून, त्या हातासाठी जागा ठेवून तिने अख्खं चित्र काढलं होतं. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. या बाईला लिनोवर हत्यार कसं धरायचं ते मी शिकवलं. माझ्या ओट्याशी उभं राहून, माझा चहा पिऊन शिकली. गुरूची विद्या गुरूला फळली म्हणतात, ती ही अशी.

चित्राखाली पेन्सिलीने दोन सह्या केलेल्या. एक तिची. दुसरी 'अनिमेष', त्यातल्या 'ष'ची दांडी खाली लांब ओढलेली. बँकेत दर वेळी वेगळी सही करून चेक परत आणणारा माझा नवरा, त्याची ही सही! माझ्या एकाही चित्रावर ती नाही. मी कोरते, म्हणजे चित्र माझं, असं आमचं पहिल्यापासून ठरलेलं. म्हणजे मीच ठरवलेलं.

"ताई, आलात!" रसिका मागून आली. "कसं वाटलं?"

"छान आहे," मी म्हणाले. "पट्टा तिरका गेलाय जरा."

"हो ना? मला तोच सगळ्यात आवडतो!"

तिच्या आवाजात कुठे कुचकेपणा असता तर बरं झालं असतं. तिथेच झापली असती तिला. पण ती मनापासून बोलत होती आणि त्यानेच माझा जास्त जळफळाट झाला.

घरी आले तेव्हा अनिमेष मटार सोलत बसला होता.

"शनिवारी तू कोपरला कॅरम खेळायला जातोस ना?"

"हो. का गं?"

"रसिका पण कोपरलाच राहते."

त्याच्या हातातली शेंग तशीच राहिली. शनिवारी तो यायचा तेव्हा त्याच्या नखांत निळं असायचं. पण रंगाच्या कंपनीतल्या माणसाच्या नखांत निळं नसेल तर काय असेल, म्हणून मी कधी विचारलंच नव्हतं.

"एकदाच गेलेलो अगं," तो म्हणाला. "तिला जमतच नव्हतं, रडकुंडीला आलेली. तेवढं एकच चित्र."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू चिडली असतीस."

"आता काय, मी नाचतेय? आणि ती सही?"

"तिने पेन्सिल पुढे केली. मी नकोच म्हणत होतो, ती ऐकेना." मग मटारांकडे बघत हळू आवाजात म्हणाला, "तू कधी पुढे केली नाहीस."

मी कुकर आदळला.

रविवारी सकाळी मीच काच ओट्यावर ठेवली. आमच्या खिडकीतून दिसणारी गच्ची आणि पाण्याची टाकी कोरून तयार होती. रसिका पेन्सिल देते, तर मीही देईन. एका पेन्सिलीपायी त्या बाईच्या मागे राहायची माझी तयारी नव्हती. एकदाच गेला होता ना, मग झालं तर.

अनिमेषने पिवळा आणि निळा घेतला. रोलर मागेपुढे होऊ लागला, मधे हिरवा उमटला, ना रेघ, ना चिखल. त्याने तो लिनोवरून नेला, शेवटी मनगट वळलं. मी दातांवर दात धरून गप्प बसले. छाप उचलला तर पट्टा उजवीकडे चढलेला आणि खाली माझी गच्ची सरळसोट, टाकी ताठ. दोघांचं एकमेकांशी काही जुळत नव्हतं. तरी मी खाली माझं नाव लिहिलं आणि पेन्सिल त्याच्यापुढे केली.

"कर सही."

तो केवढा खूश झाला! त्याने डाव्या हातात पेन्सिल घेतली. कुठे करू, असं विचारलं नाही. माझ्या नावापासून दोन बोटं सोडून, कागदाच्या कडेला मनगट टेकवून, एका दमात सही केली. 'ष'ची दांडी लांब खाली ओढली. हॉलमधली सही आणि ही सही, केसाचाही फरक नव्हता.

"एकदाच गेलेलास ना?" मी विचारलं.

तो काच पुसायला लागला.